बोट ठेवलं की फोनला कळतं कसं?

मागच्या अंकात या पानावर छापलं होतं, की मुलांनी टच स्क्रीनबद्दल काय हवं ते विचारावं, इंदूरच्या जेल रोडवर मोबाइल दुरुस्त करणारे एक काका उत्तरं देतील. तो काका मी. माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि भिंतीवर ओळीने लावलेल्या स्क्रूच्या डब्या. २००४ पासून इथेच बसतो. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातलं जे डोक्यावरून गेलं, ते उघड्या फोनांनी मला हळूहळू शिकवलं, म्हणून हे काम मी आनंदाने घेतलं. २१ पत्रं आली. चार पोस्टकार्डं, बाकी वहीचे कागद. दोघांनी तर फोनच्या पोटात काय असेल त्याचं चित्रच काढलंय. एका चित्रात काचेखाली इवली इवली माणसं बसली आहेत आणि बोट आलं की त्यातलं एक जण धावत जाऊन निरोप देतं. ते चित्र मी दुकानात लावलंय, कारण ते खऱ्याच्या बरंच जवळ आहे.

प्रश्न: काका, फोनला बटणं नाहीत, तरी बोट ठेवलेलं त्याला कळतं. काचेखाली स्प्रिंग आहे का? (इयत्ता दुसरी, सुदामानगर)

नाही बेटा, स्प्रिंग नाही. पण तुझी शंका रास्त आहे. मी पहिल्यांदा असा फोन उघडला तेव्हा मीही काहीतरी हलणारं शोधत होतो. टच वेगळा काढला, दिव्यासमोर धरला, उलटसुलट केला. नुसती काच, आणि तिच्या एका कडेला चिकटलेली पातळ पिवळसर पट्टी. तिला आम्ही स्ट्रिप म्हणतो. हलणारं काहीच सापडलं नाही. काच दाबली गेली की नाही याच्याशी फोनला देणंघेणं नसतं. बोट जवळ आलं एवढंच त्याला कळतं.

ते कसं, ते सांगतो. खेळून आल्यावर घाम ओठांवर आला की खारट लागतो ना? आपल्या अंगात भरपूर पाणी आहे आणि त्या पाण्यात मीठ विरघळलेलं आहे. अशा खारट पाण्यातून वीज जाते. लाकूड, प्लॅस्टिक, रबर यांतून ती तशी जात नाही. फोनच्या लेखी तू म्हणजे मीठ-पाण्याने भरलेली मोठी पिशवी आहेस, आणि बोट हे त्या पिशवीचं टोक.

आता गणिताची चौकटीची वही डोळ्यांसमोर आण. आडव्या रेघा, उभ्या रेघा. फोनच्या काचेखाली अशीच जाळी असते. तिच्या रेघा आरपार दिसणाऱ्या आणि वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या असतात. आडव्या आणि उभ्या रेघा एकमेकींना कुठेही टेकत नाहीत, मध्ये अगदी बारीक अंतर ठेवलेलं असतं. टेकत नाहीत, तरी एकीत वीज सोडली की दुसरीला ती जाणवते.

समज, तुझी आत्या इंदूर-पुणे गाडीने निघाली आहे. एसीचा डबा, खिडकीची काच बंद. ती आतून काचेला तळवा लावते, तू बाहेरून त्याच जागी तळवा लावतेस. हात हाताला लागत नाही, पण तुमचं सगळं लक्ष एकमेकींकडे असतं. तेवढ्यात मागून आजी येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवते. तुझं थोडं लक्ष आजीकडे जातं, आणि आत्याला ते आतून लगेच कळतं. फोनमध्ये आडवी रेघ आणि उभी रेघ या तुम्ही दोघी, आणि आजी म्हणजे बोट. फोन आडव्या रेघेत थोडी वीज सोडतो, उभ्या रेघेवर तिचा परिणाम किती झाला ते मोजतो. बोट आलं की त्यातला थोडा भाग बोटाकडे वळतो आणि उभ्या रेघेपर्यंत कमी पोचतो. टच आयसी नावाची एक छोटी चिप दिवसभर हेच मोजत असते, की कुठे कमी पोचलं. आडवी सातवी, उभी चौथी, असं आलं की पत्ता सापडला.

ही मोजणी ती सेकंदाला ६० वेळा, १२० वेळा, काही फोनांत त्याहूनही जास्त वेळा करते. तुझी पापणी एकदा लवेपर्यंत सगळ्या जाळीवरून तिच्या कितीतरी फेऱ्या होऊन जातात. आणि फरक किती? घरात मोठी ताई किंवा दादा असेल तर त्याला हे वाचून दाखव: वीज साठवण्याची ताकद फॅरडमध्ये मोजतात, आणि बोटामुळे पडणारा फरक हा एका फॅरडच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षाही लहान असतो. तेवढाही त्या चिपच्या नजरेतून सुटत नाही. इतकी वर्षं झाली, पण टचवर बोट ठेवताना मला अजून याचं नवल वाटतं.

प्रश्न: रेघांमध्ये जर जागा सोडलेली असेल, तर मी फोनवर बारीक चित्र काढते ते कसं जमतं? मधल्या जागेतलं त्याला कसं कळतं? (इयत्ता चौथी, राजेंद्रनगर)

२१ पत्रांतला हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. खरंच, फोनमध्ये एका रेघेपासून दुसरी रेघ साधारण ४ ते ५ मिलिमीटरवर असते, म्हणजे तुझ्या करंगळीच्या निम्म्या रुंदीएवढी जागा मध्ये मोकळी. तरी तू माशाचा डोळा बरोबर जागी काढतेस.

हे मी आमच्या रामबागेतल्या वाड्यात मुलांना खेळून दाखवलं होतं, तूही करून बघ. चौघांनी चादरीची चार टोकं धरायची, डोळे बांधायचे. पाचव्याने हळूच एक जड वस्तू चादरीवर ठेवायची, आम्ही नारळ ठेवला होता. मग प्रत्येकाने सांगायचं, मला किती वजन लागतंय. एक म्हणाला खूप, दुसरा म्हणाला बऱ्यापैकी, उरलेले दोघे म्हणाले थोडंसंच. बाजूला बसलेल्या माझ्या आईने डोळे मिटूनच सांगितलं, नारळ पहिल्या दोघांच्या मध्ये आहे, पण त्यातल्याही पहिल्याकडे सरकलेला. बरोबर होतं.

टच आयसी हेच करते. बोट एकाच ठिकाणी टेकत नाही, ते टेकल्यावर पसरतं आणि आसपासच्या तीन-चार चौकांवर त्याचा परिणाम होतो. कुठे जास्त, कुठे कमी. त्या सगळ्यांचा हिशोब जुळवून चिप मधली नेमकी जागा काढते. दोन बोटं ठेवलीस तर दोन वेगळे ढीग दिसतात, म्हणून फोटो दोन बोटांनी ताणून मोठा करता येतो.

प्रश्न: जाळी आहे म्हणता, मग ती दिसत का नाही? (इयत्ता तिसरी, लोकमान्यनगर)

ती फार पातळ आहे आणि तिचा पदार्थ आरपार दिसतो. इंडियम नावाचा धातू आणि कथील यांचा ऑक्साइड काचेवर बसवतात, त्याचा थर केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. जुना फोन घरात पडला असेल तर तो बंद करून खिडकीतल्या उन्हात तिरपा धर आणि हळूहळू फिरव. काही फोनांवर फिकट चौकोन किंवा शंकरपाळ्यासारखे आकार दिसतात. सगळ्यांवर दिसत नाहीत, नव्या फोनांत तर ही जाळी डिस्प्लेच्या थरातच मिसळलेली असते.

इंडियम या नावाची एक गोष्ट मला फार आवडते. १८६३ साली जर्मनीत फ्रायबर्ग गावी दोन शास्त्रज्ञ जस्ताचं खनिज तपासत होते. ते तापवून त्याचा उजेड पाहिला तर त्यात गडद निळ्या रंगाची एक रेघ दिसली, जी आधी कुणी पाहिली नव्हती. त्या दोघांपैकी फर्डिनांड राइख यांना रंग नीट दिसत नसत, म्हणून रेघ पाहिली ती थिओडोर रिख्टर यांनी. निळीसारखा रंग म्हणून धातूचं नाव ठेवलं इंडियम. नीळ युरोपात आपल्याकडून जायची, म्हणून तिला तिकडे इंडिगो म्हणत. म्हणजे तुझ्या फोनच्या काचेखाली जो धातू आहे, त्याच्या नावात आपल्या देशाचं नाव आहे.

प्रश्न: नखाने, पेन्सिलीने फोन का चालत नाही? आणि कशाकशाने चालतो? (तीन पत्रांत हाच प्रश्न)

नख कोरडं आणि निर्जीव असतं, त्यातून वीज जात नाही. पेन्सिलीचं लाकूडही तसंच. कशाने चालतो ते सांगून टाकण्यापेक्षा तुम्हीच करून बघा. मोठ्यांना विचारून, जुन्या फोनवर, आणि काचेवर काही घासायचं नाही.

स्टीलचा चमचा उघड्या हातात धरा आणि त्याची फुगीर पाठ हळूच काचेवर टेकवा. बहुतेक फोनांवर चालेल. आता तोच चमचा कोरड्या टॉवेलच्या तीन-चार घड्यांत धरून टेकवा. बहुधा चालणार नाही. चमचा तोच, पण तुमच्या अंगाशी असलेला त्याचा संबंध तुटला. काच चमच्याला ओळखत नव्हती, चमच्यातून तुम्हाला ओळखत होती.

मग केळं घ्या, गाजर घ्या, काकडीचा तुकडा पुसून घ्या. यांच्यातही पाणी आणि क्षार आहेत. पेन्सिलीला चंदेरी कागद गुंडाळा, पण असा की तो तुमच्या बोटांनाही लागेल. खोडरबर घ्या. आधी वहीत लिहा, की चालेल का, आणि मग टेकवा. माझ्या भाचीने असं अकरा वस्तूंचं पान भरलं होतं आणि त्यात तिचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला तो नखाबाबत.

अजून एक करा. काचेवर वहीचं एक पान ठेवा आणि वरून बोट फिरवा. चालेल. मग दुसरं पान, तिसरं पान. कितव्या पानाला फोनने ऐकणं सोडलं ते मोजा. स्क्रीन गार्ड लावूनही फोन का चालतो, आणि फार जाड गार्ड लावला की का कुरकुरतो, ते त्यातच कळेल. बोटाचा परिणाम पातळ थरातून पलीकडे पोचतो, अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतो.

प्रश्न: रंगपंचमीला गेर बघायला गेलो तेव्हा बाबांचा फोन काही केल्या चालेना. फोनला रंग चालत नाही का? (इयत्ता तिसरी, जुनी इंदूर)

गेर म्हणजे आमच्या इंदूरची रंगांची मिरवणूक. तिच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात रांग असते, त्यामुळे हे मी दर वर्षी पाहतो. राजवाड्यासमोर टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, वरून गुलाल. दोन्ही फोनला वेगवेगळ्या तऱ्हेने चकवतात. कोरडा गुलाल बोटावर बसला की बोट आणि काच यांच्यात एक थर तयार होतो आणि बोटाचा ओलावाही तो शोषून घेतो. पाण्याचं उलटं आहे. नळाच्या पाण्यातून वीज जाते, त्यामुळे काचेवर पाण्याचा ओघळ आला की चिपला वाटतं, इथे खूप बोटं आहेत. कुठलं खरं आणि कुठलं खोटं हे तिला उमगत नाही, म्हणून ती एकतर गप्प बसते नाहीतर भलतंच उघडते.

बोट आणि काच कोरड्या मऊ कापडाने पुसली की काम झालं. बाबांना सांग, पुढच्या वर्षी फोन पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या, पिशवीवरूनही टच चालतो. तुम्ही पानांचा प्रयोग केला असेल तर का चालतो ते तूच त्यांना समजावशील.

प्रश्न: आमचा फोन रात्री आपोआप चालतो. स्वतःच काहीतरी उघडतो. ताई म्हणते त्यात भूत आहे. (इयत्ता पहिली, परदेशीपुरा. पत्र आईने लिहून दिलं आहे.)

भूत नाही बाळा, मी असे शेकडो फोन उघडलेत, आत कधीच कुणी सापडलं नाही. पण तू घाबरलास त्यात चूक नाही, मोठी माणसंही घाबरतात. एकदा रात्री दुकान बंद करता करता एक बाई धापा टाकत आल्या. फोन स्वतःच लोकांना कॉल लावत होता. त्यांच्या हातात फोनसोबत चार्जरही होता. मी माझ्याकडच्या सॉकेटला तो चार्जर लावला, फोन नाचू लागला. वायर काढली, फोन शांत. दुसऱ्या चांगल्या चार्जरवर लावला, तरी शांत. दोष चार्जरचा होता.

चिप किती बारीक फरक मोजते ते वर सांगितलं. खराब चार्जरमधून वीज स्वच्छ येत नाही, तिच्यात गडबड असते. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना तुझ्या कानात कुणी कुजबुजलं तर तू भलतंच ऐकशील ना? तसं चिपचं होतं. काचेत तडा गेला असेल, आत ओल शिरली असेल, तरीही असं होतं.

आणि हे आईसाठी. फोन चार्जरवर नसतानाही आपोआप चालत असेल तर तो आडवा धरून कडेने बघा. डिस्प्ले एका बाजूने वर उचललेला दिसतोय का? पाठ फुगलेली आहे का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे आणि ती आतून डिस्प्लेला ढकलते आहे. तो फोन दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्ज करू नका, मुलाच्या हातात देऊ नका. बंद करून लगेच दुकानात न्या. फुगलेल्या बॅटरीला टोचलं गेलं तर ती पेट घेते.

प्रश्न: काचेत वीज आहे तर मला शॉक का लागत नाही? (इयत्ता तिसरी, तिलकनगर)

कारण ती फार थोडी आहे, काही व्होल्टच, आणि तुझ्या बोटाच्या आणि तिच्या मध्ये काच आहे. काचेतून वीज वाहत नाही, फक्त तिचा परिणाम पलीकडे जाणवतो. भिंतीतल्या सॉकेटची वीज २३० व्होल्टची असते. तिथे मात्र बोट घालायचं नाही.

प्रश्न: कॉलवर बोलताना कान आणि गाल काचेला लागतात, मग काही का दाबलं जात नाही? (इयत्ता चौथी, वैशालीनगर)

फोनच्या वरच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो. बऱ्याच फोनांत तो डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडतो आणि तो परत आला का ते बघतो. कान जवळ आला की उजेड कानावर आपटून परत येतो आणि फोन पडदाच बंद करून टाकतो. कॉल चालू असताना कानाच्या जागी तळहात आडवा धरून बघ, पडदा काळा होईल.

प्रश्न: टच स्क्रीन कुणी शोधून काढला? आपल्याकडे शोधला का? (इयत्ता पाचवी, राजेंद्रनगर)

बोटाच्या विजेवर चालणारा पहिला टच इंग्लंडमध्ये झाला. माल्व्हर्न गावी रडारवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती, तिथल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली त्यावर लिहिलं. विमानांना रस्ता दाखवणाऱ्या लोकांचं काम लवकर व्हावं, बटणं शोधण्यात वेळ जाऊ नये, म्हणून.

पुढे स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर सर्न नावाची प्रयोगशाळा आहे, तिथे बेंट स्टुंप आणि फ्रँक बेक यांनी असाच टच केला. तिथे सात किलोमीटर घेराचं एक यंत्र बांधत होते. ते चालवायला लागणारी बटणं आणि दट्टे मांडायचे तर भिंतीच्या भिंती भरल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी काचेवर बोट ठेवायची सोय केली. १९७६ मध्ये ते यंत्र सुरू झालं तेव्हा नियंत्रणकक्षात हे टच होते. हातातल्या फोनमध्ये अनेक बोटांनी चालणारा टच घरोघरी माहीत झाला तो २००७ च्या आयफोननंतर.

तू राजेंद्रनगरचा आहेस म्हणून एक जास्तीची गोष्ट. तुझ्या घराजवळचं कॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, हे त्याच सर्नसोबत काम करतं. सर्नच्या २७ किलोमीटर घेराच्या नव्या यंत्रातली चुंबकं १५ मीटर लांब आणि ३० टनांहून जड आहेत. ती जमिनीखालच्या बोगद्यात ज्या जॅकवर टेकली आहेत, ते ७ हजारांहून जास्त जॅक भारताने दिले, आणि त्यांची आखणी आपल्या इंदूरच्या या केंद्रात झाली. टच आपल्याकडे शोधला गेला नाही हे खरं, पण त्या प्रयोगशाळेचा भार इंदूरने खांद्यावर घेतलाय म्हटलं तर चुकणार नाही.

प्रश्न: माझा चार वर्षांचा मुलगा टीव्हीवर आणि पुस्तकातल्या चित्रांवरही बोट फिरवतो, चित्र सरकलं नाही की रडतो. त्याचं काही चुकतंय का? (एक आई, वडोदरा)

काही चुकत नाही ताई. त्याने जे आधी पाहिलं त्यावरून त्याने नियम बांधला, की चित्र असेल तर ते बोटाने सरकतं. हुशारीच आहे ती. टीव्हीच्या काचेखाली जाळी नसते एवढं त्याला सांगा, चमच्याचा आणि केळ्याचा खेळ दाखवा. फक्त टीव्हीवर जोर देऊ देऊ नका. फोनची काच खास कडक केलेली असते, वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात साधारण ४०० अंशांवर बुडवून. घरच्या टीव्हीवर सहसा अशी काच नसते, बोटाने पॅनेल खराब होतो आणि त्याची दुरुस्ती परवडत नाही.

प्रश्न: बाबा फोनवर खूप जोरात बोट दाबतात. जोरात दाबलं की लवकर चालतो का? (इयत्ता दुसरी, सुदामानगर)

नाही. पण बाबांची सवय कुठून आली ते मला माहीत आहे. २०१० च्या आसपास माझ्या टेबलावर जे टचवाले फोन यायचे, त्यातले बरेच वेगळ्या जातीचे होते. त्यात दोन पातळ थर असत, मध्ये फट. वरचा थर दाबून खालच्याला टेकवला तरच फोनला कळे. सोबत प्लॅस्टिकची काडी मिळायची. नखानेही चालायचे ते, खोडरबरानेही. त्यांना खरंच दाबावं लागे, आणि बोटांना ती सवय राहून गेली.

आजच्या फोनवर जोर दिला की बोट जास्त चपटं होतं, त्याचा जास्त भाग काचेला टेकतो, म्हणून कधीकधी चालल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा बोट जरा आडवं ठेवलं तर न दाबताच तेवढी जागा मिळते. आधीच तडा गेलेली काच मात्र जोर दिल्याने पुढे तडकत जाते, आणि मग टच आणि डिस्प्ले एकत्र असलेला अख्खा फोल्डर बदलावा लागतो. बाबांना खर्च सांग, ते ऐकतील.

प्रश्न: माझ्या बोटाने आजीचा फोन चालतो. आजीच्या बोटाने चालत नाही. ती म्हणते मी म्हातारी झाले म्हणून. असं असतं का काका? (इयत्ता तिसरी, रामबाग)

हे पत्र मी दुकानात दोनदा वाचलं, आणि घरी नेऊन आईलाही वाचून दाखवलं. तिचंही अगदी असंच झालं होतं.

माझ्या आईने तीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या केल्या. तव्यावरची पोळी ती उलथन्याशिवाय, बोटांनीच उलटायची. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, यांची टोकं इतकी कडक आणि गुळगुळीत झालीत, की त्यांवरच्या रेघाही नीट दिसत नाहीत. मी तिला पहिला टचवाला फोन दिला तेव्हा ती बोट ठेवायची, परत ठेवायची, दाबायची, आणि फोन तसाच. शेवटी म्हणाली, "मला ओळखतच नाही रे हा." मी तेव्हा दिवसाला पंधरा-वीस फोन दुरुस्त करत होतो, आणि घरातल्या माणसाचं बोट फोनला का कळत नाही हे मला सांगता आलं नाही. ते मला फार लागलं.

मग भिंग घेऊन बसलो. तिचा हात दिव्याखाली धरला. आत पाणी आहे, मीठ आहे, रक्त आहे, सगळं तुझ्या-माझ्यासारखंच. पण वरची कातडी जाड आणि पार कोरडी, जणू बोटाला कायमचा पातळ हातमोजा. वय झालं की कातडी कोरडी पडते, कामाने जाड होते, इंदुरातल्या जानेवारीच्या थंडीत आणखी कोरडी. बोटाचा परिणाम काचेपर्यंत पोचतो, पण चिपला दखल घ्यावीशी वाटेल इतका नाही. यात म्हातारपणाचा दोष कसला? ती काच कोवळ्या बोटांवर बेतलेली आहे.

आता आजीसोबत बसून एकेक करून बघ. तिच्या फोनवर जाड गार्ड असेल तर कुणाकडून तरी काढून पातळ बसवून घ्या. सेटिंगमध्ये काही फोनांत टचची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, हातमोज्यांसाठी दिलेली, ती चालू कर. बोटाला जराशी ओल लागू दे. आमच्याकडे मी नोटा मोजायचा ओला स्पंज आणून दिला, तो एका डबीत फोनशेजारी असतो. ओल म्हणजे ओलं बोट नव्हे हं, स्पंजला लावून पदराला पुसलं की जेवढी उरते तेवढी पुरते. टोकाने टोचायचं नाही, बोटाचा मऊ भाग आडवा टेकवायचा आणि लगेच उचलायचा. पुष्कळ आज्या बोट ठेवून वाट बघतात, तेव्हा फोन समजतो की यांना दुसरंच काही हवंय. किती वेळ थांबलं तर ते लांब दाबणं धरायचं, हेही सेटिंगमध्ये वाढवता येतं.

आणि सगळी बोटं वापरून बघा. हे आम्हाला शेवटी सुचलं. आईच्या डाव्या हाताचं मधलं बोट कधी तव्याला लागलंच नव्हतं. ते ठेवलं आणि पहिल्याच झटक्यात वडोदऱ्याच्या माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लागला. आई एवढी दचकली, की बहीण समोर दिसत असूनही काय बोलावं ते तिला सुचेना. आजही ती सगळा फोन त्या एकाच बोटाने चालवते.

तू आजीची दहाही बोटं एकेक करून टेकव. कोणतं चाललं ते मला पोस्टकार्डावर कळव.